खंबीर माणसाच्याच खांद्यावर सगळं का येऊन पडतं?

अर्धविराम (मूळ धागा)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज झोप येत नाहीये, म्हणून लिहूनच टाकते.

गेल्या महिन्यात ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण जाता जाता म्हणाली, "काय गं, कशी आहेस?" मी मान वर न करता म्हटलं, "हो, पाठवते दहा मिनिटांत." ती थबकली. मग आम्ही दोघी हसलो. पण घरी येईपर्यंत ते हसू माझ्या घशात अडकून बसलं होतं. समोरची काम मागत नाहीये, चौकशी करतेय, एवढंही मला कळलं नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी. नोकरीला सतरा वर्षं झाली, हाताखाली नऊ जण. सहा महिन्यांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात अजून नीट चालत नाही. तेव्हापासून आई-बाबा आमच्याकडे. मुलगा नववीत. नवरा चांगला आहे (हे लिहावंच लागतं, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्याच्यावर येतील), पण त्याची महिन्यातून बारा-पंधरा दिवस फिरती असते. धाकटा भाऊ अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतो. त्याचं म्हणणं, "ताई, तुला जमतं गं हे. मला दवाखान्याच्या वासानेच गरगरतं."

आता मुद्दा. ऑफिसने आमच्यासाठी 'मानसिक कणखरपणा' या विषयावर प्रशिक्षण ठेवलं. शनिवारी. पडद्यावर रबरी चेंडूचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं की जितक्या जोरात आपटाल तितका तो उंच उसळतो. आपटतंय कोण, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. कार्यक्रम संपल्यावर साहेब म्हणाले, "तुझ्यासारखे खंबीर लोक आहेत म्हणून टीम टिकून आहे." आणि सोमवारी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचं अर्धं काम माझ्या नावावर चढलं.

तर प्रश्न असा की मन खंबीर करायचं म्हणजे नेमकं करायचं काय? आणि खंबीर झाल्याचं बक्षीस म्हणून आणखी ओझंच मिळणार असेल, तर करावं तरी का? सकारात्मक राहा, पहाटे उठा, दीर्घ श्वास घ्या, हे कृपया नको. श्वास मी घेतेच आहे.

तिरकस

शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, ताणावर प्रशिक्षण. हजेरी सक्तीची होती का?

अर्धविराम

होती. न येणाऱ्यांची नावं वर जाणार होती.

तिरकस

बास. मला आणखी काही विचारायचं नाही.

ऐकणारी

समुपदेशनाचं काम चौदा वर्षं करतेय, तेव्हा जरा लांबण लागेल.

मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो: सोशिकपणा, कणखरपणा आणि चिवटपणा. सोशिक माणूस सहन करतो आणि सहन करतोय हे कोणाला कळू देत नाही. कणखर माणूस मोडेन पण वाकणार नाही म्हणतो, आणि पुष्कळदा खरोखरच मोडतो. चिवट माणूस वाकतो, रडतो, कुरकुरतो, दोन दिवस अंथरुणात पडून राहतो, चार जणांकडे मदत मागतो, आणि थोड्या दिवसांनी बघावं तर पुन्हा उभा. मानसशास्त्रात ज्याचा अभ्यास झालाय तो हा तिसरा. तुमच्या साहेबांनी कौतुक केलं ते पहिल्याचं.

या अभ्यासातलं एक जुनं आणि फार मोठं काम एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांचं. हवाईमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांच्या आयुष्याचा माग त्यांनी ही मुलं चाळिशीला पोचेपर्यंत काढला. त्यातल्या काही मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली व्यसनं, आईवडिलांचा मानसिक आजार, बाळंतपणातल्या अडचणी असं बरंच काही एकदम आलेलं. अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, जबाबदार, मायाळू माणसं झाली. ती पोलादी मनाची होती म्हणून नव्हे. स्वभावाचा थोडा हातभार होता, पण सारखी दिसलेली गोष्ट म्हणजे निदान एक मोठं माणूस. आजी, मावशी, मास्तर, शेजारीण, कोणीही. पण कायम पाठीशी असलेलं. आणि मला स्वतःला जास्त आवडणारा भाग पुढचा: जी मुलं किशोरवयात भरकटली होती, त्यांतलीही बरीचशी पुढे तिशी-चाळिशीपर्यंत सावरलेली दिसली. म्हणजे ही वस्तू जन्माला येताना एकदाच मोजून मिळत नाही.

अ‍ॅन मास्टन यांनी २००१ मध्ये या सगळ्या संशोधनाचा आढावा घेताना म्हटलं की सावरणं ही असामान्य माणसांची करामत नाही, ती साध्यासुध्या गोष्टींची जादू आहे. नाती, झोप, रोजची घडी, आपल्या हातून काहीतरी होतं ही जाणीव. या गोष्टी शाबूत असल्या की बहुतेक माणसं सावरतात. या काढून घेतल्या तर रबरी चेंडूसुद्धा सपाट होतो.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवते. "माझं मन कमजोर आहे का?" असं विचारू नका. "यातलं काय काय माझ्याकडून काढून घेतलं गेलंय?" असं विचारा.

धातुशास्त्र

रबरी चेंडूवरून राहवलं नाही. व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनिअर. ताण हा शब्द मुळात आमचा आहे, मनवाल्यांनी उसना नेला. आमच्याकडे ताण म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. भार कमी करता येत नसेल तर क्षेत्रफळ वाढवा, ताण कमी होतो. तोच भार दोन खांबांवर टाका.

दुसरं, धातू एका मोठ्या दणक्याने तुटतो हा लोकांचा समज. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर, म्हणजे चाकांच्या जोडीला धरणाऱ्या दांड्यांवर, प्रयोग केले. आस तुटायचे ते त्यांना सहज पेलेल अशा भाराखालीच. फक्त तो भार लाखो वेळा येऊन गेलेला असायचा. याला आम्ही थकवा असंच म्हणतो. आणि तडा सुरू होतो तो जिथे आधीच एखादी खाच, कोपरा, ओरखडा असतो तिथे. वरून तुकडा अगदी चकचकीत दिसतो, बरं का. तुटायच्या आदल्या दिवशीही.

ताई, तुमच्या मैत्रिणीने विचारलं तेव्हा जे झालं ना, तो आमच्या भाषेत पहिला दिसलेला केसाएवढा तडा. तो दिसला हे नशीब समजा.

तिरकस

भार भागिले क्षेत्रफळ. म्हणजे वजन वाढवणं हा उपाय आहे. मी योग्य मार्गावर आहे.

जुना_गडी

वय ७१. राग मानू नका, पण आम्ही अडतीस वर्षं कारखान्याच्या हिशेबखात्यात काढली. वर्षअखेरीला पंधरा-पंधरा दिवस रात्री नऊला सुटका. साहेब अंगावर फाइल फेकायचा. घरी आईवडील, दोन बहिणींची लग्नं, तीन मुलं. मानसिक अमुक आणि तमुक आम्ही ऐकलं नव्हतं. सकाळ झाली की उठायचं आणि जायचं. हल्ली जरा काही झालं की ताण. ताण घेतला तर येतो, नाही घेतला तर येत नाही, असं माझं साधं मत.

मधला

काका, असहमत. पण सकाळी सविस्तर लिहितो.

रात्रपाळी

काका, भांडायला आले नाहीये. खरंच जाणून घ्यायचंय. कारखान्यातून सुटल्यावर घरी कसे जायचात?

जुना_गडी

चालत. पाऊण तास लागायचा. बस होती, पण मी चालतच जायचो. बरोबर कधी कधी आमचा एक मित्र असायचा, तो साहेबाची नक्कल फार छान करायचा. घरी आलो की कपडे बदलून अर्धा तास ओट्यावर बसायचो. त्या वेळात मला कोणी हाक मारायची नाही असा घरचा नियम होता.

रात्रपाळी

आणि कारखान्यातून कोणी घरी फोन करायचं?

जुना_गडी

फोन होता कुठे? नव्याण्णव साली घेतला.

ऐकणारी

काका, तुम्ही जे केलंत त्यावर आता प्रबंध लिहिले जातात. झबीना झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस कशाने भरून निघतो याच्या चार गोष्टी मांडल्या: कामापासून मनाने सुटणं, शरीर सैल पडणं, कामाबाहेरचं काहीतरी करून बघणं किंवा शिकणं, आणि आपला वेळ आपल्या मर्जीने वापरता येणं. तुमच्या पाऊण तासात आणि ओट्यावरच्या अर्ध्या तासात यातल्या तीन तरी नक्की होत्या. मित्राच्या नकलेला कुठल्या खान्यात टाकायचं ते बघावं लागेल.

अर्धविरामकडे तो पाऊण तास नाही. त्यांचा साहेब त्यांच्या पर्समध्ये बसून घरी येतो. कामाचे तास सारखे असले तरी सुटका सारखी नसते.

तिरकस

काका, आणि तुम्ही ओट्यावर बसलेले असताना आईवडील आणि तीन मुलं कोण बघत होतं?

जुना_गडी

हे बघा, ती बघायची. आता विचारलं तिला, तू कशी काय सांभाळायचीस गं. ती नुसती हसली आणि आत गेली.

मनुष्यबळ

मी ज्या खात्यात आहे ते नावावरून कळेलच. असली शनिवारची प्रशिक्षणं मीही भरवली आहेत, तेव्हा शिव्या घालायच्या तर घाला.

आतली गोष्ट सांगतो. माणूस बदलणं स्वस्त पडतं, कामाची रचना बदलणं महाग. म्हणून प्रशिक्षण होतं. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलंय की सगळ्यात घातक नोकरी म्हणजे जास्त काम असलेली नव्हे, तर जास्त काम आणि कमी मुभा असलेली. काम कधी, कसं, कोणत्या क्रमाने करायचं यात तुमचं काही चालत नाही अशी. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात तर हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या साहेबांपेक्षा सगळ्यात खालच्या श्रेणीत कितीतरी जास्त निघालं. आपण समजतो उलटं, की साहेबाला टेन्शन असतं. असतंच, पण त्याला दार लावून घेता येतं.

आणि २०२४ मध्ये विल्यम फ्लेमिंग यांचा निबंध आला. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधले ४६ हजारांहून जास्त कर्मचारी. ध्यानाची अ‍ॅप, ताणव्यवस्थापनाची शिबिरं, कणखरपणाचे वर्ग वगैरेंत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना केली, तर भाग घेतलेले काही जास्त बरे दिसले नाहीत. फक्त स्वयंसेवेचं काम करणाऱ्यांत थोडा चांगला फरक होता. अभ्यास एका वेळचा आहे, त्यामुळे कारण आणि परिणाम ठामपणे सांगता येत नाही. तरी तो वाचून मी आमच्या पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमातली दोन सत्रं काढून टाकली. त्याऐवजी रात्री आठनंतरच्या मेलला सकाळपर्यंत उत्तर अपेक्षित नाही असा लेखी नियम मागितला. सत्रं काढायला लगेच परवानगी मिळाली. नियम अजून 'विचाराधीन' आहे.

ताई, साहेबांशी बोलायला जाल तेव्हा "मला झेपत नाही" असं म्हणू नका. ते वाक्य तुमच्याबद्दल होतं. माझ्याकडे सध्या या पाच गोष्टी आहेत, सहावी आली आहे, यातली कोणती थांबवू ते तुम्ही सांगा, असं लिहून विचारा. मग ते वाक्य कामाबद्दल होतं. उत्तर लेखी घ्या.

कंत्राटी

वरचं सगळं छान आहे. पण "कोणती थांबवू" असं मी विचारलं तर मलाच थांबवतील. अकरा महिन्यांचं कंत्राट आहे, बाराव्या महिन्यात मी आहे की नाही हे मला दहाव्या महिन्यात कळतं. नाही म्हणणं ही पण एक चैन आहे. ज्यांना परवडते त्यांनी करावी.

मनुष्यबळ

मान्य. माझ्याकडे याला उत्तर नाही. म्हणजे मनुष्यबळवाला म्हणून नाही. युनियनवाला असतो तर असतं.

ऐकणारी

कंत्राटी, तुमच्या मुद्द्याला बगल देणार नाही. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये तोंड देण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या: प्रश्नावर काम करणं आणि त्या प्रश्नाने मनात जे उठतं त्यावर काम करणं. एक श्रेष्ठ आणि दुसरी पळपुटी असं नाही. जे हातात आहे तिथे पहिली, जे हातात नाही तिथे दुसरी. घोटाळा होतो तो अदलाबदल झाल्यावर. बदलता येण्यासारख्या साहेबासमोर माणूस ध्यान लावून बसतो, आणि न बदलणाऱ्या आजारपणाशी रोज कुस्ती खेळतो.

तुमचं कंत्राट तुमच्या हातात नाही. पण दहाव्या महिन्यात कळेपर्यंत वाट बघायची की सहाव्यापासून इतर ठिकाणी अर्ज टाकायचे, हे आहे. ते करून नोकरी मिळेलच असं नाही. पण "माझ्या करण्याने काहीतरी हलतं" हे मेंदूला अधूनमधून दाखवावं लागतं. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचे १९६७ चे कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. काही केलं तरी विजेचा धक्का चुकत नाही असा अनुभव आलेले कुत्रे पुढे सुटकेची वाट समोर असतानाही पडून राहायचे. त्यावरून असहायता 'शिकली' जाते असं ठरलं. पण २०१६ मध्ये याच दोघांनी, पन्नास वर्षांनी, आपलंच म्हणणं उलटवलं: लांबलेल्या त्रासापुढे गळून पडणं ही मेंदूची मूळचीच वागणूक आहे. शिकावं लागतं ते "माझ्या हातात काही आहे" हे. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. गळून पडलात म्हणजे तुमचं काही बिघडलं नाही.

कंत्राटी

कुत्र्याचं उदाहरण मनाला लागलं, पण ठीक आहे. अर्ज टाकतो.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, एकोणीस वर्षं. लोक विचारतात, रोज मरण बघून घरी कशा जाता? मी खंबीर वगैरे अजिबात नाही. मांजर आजारी पडलं तरी रडते. पण आमच्याकडे एक गोष्ट असते जी कोणाच्या घरात नसते. हॅण्डओव्हर.

पाळी संपताना पुढच्या पाळीच्या सिस्टरला मी एकेका पलंगापाशी उभी राहून सांगते. या पेशंटचं नाव, काय झालंय, आता कुठलं औषध चालू आहे, शेवटचं कधी दिलं, पुढचं कधी, नातेवाइकांना काय सांगितलंय, आणि कशावर नजर ठेवायची. ती लिहून घेते, शंका विचारते. शेवटी ती म्हणते, "घेतलं." त्या क्षणानंतर तो पेशंट तिचा. मी चुकून दोन मिनिटं रेंगाळले आणि मॉनिटर वाजला तरी ती धावते, मी नाही. सुरुवातीला मला हे निर्दयी वाटायचं. आता वाटतं, या एका शब्दावर मी एकोणीस वर्षं टिकले.

घरात काय होतं बघा. बाईच्या डोक्यात सगळे पलंग असतात. बाबांची गोळी, मुलाची फी, गॅसवाला, सासूबाईंचा चष्मा. कोणी मदत करतं, पण मदत म्हणजे "काय करू सांग." म्हणजे सांगण्याचं काम उरलंच. 'घेतलं' असं कोणी म्हणत नाही. त्यामुळे बाई बाहेर गेली तरी तिची पाळी चालूच.

सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा मी घरात तेच केलं. एक वही, तिच्यात रोजचं पान. संध्याकाळी सात ते सकाळी सात नवरा, त्याला पलंगापाशी उभं राहून सांगायचं, त्याने "घेतलं" म्हणायचं. पहिल्या आठवड्यात तो हसायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याने एक औषध विसरलं, मी रागाने वही हिसकावणार होते. हिसकावली नाही. वॉर्डात ज्युनिअरची चूक झाली की आपण तिची पाळी काढून घेत नाही, तिला पुन्हा दाखवतो.

आणखी एक. मोठा प्रसंग झाला की लगेच सगळ्यांना बसवून "बोला, मन मोकळं करा" असं करायची एक टूम होती. त्या एकाच बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही असं अभ्यासांत दिसलंय, काहींना तर उलट जड गेलं. आमच्याकडे आता कोणाला बोलायचं असेल तर ऐकायला माणूस असतं, सक्ती नसते. तेव्हा कोणी तुम्हाला ओढून "मोकळी हो" म्हणत असेल आणि तुम्हाला त्या दिवशी नसेल व्हायचं, तर नका होऊ.

ऐकणारी

वाचनखूण साठवली. माझ्या खुर्चीतून इतकं सोपं कधी सांगता आलं नाही.

फक्त एक भर. ऑफिसातून निघतानाही स्वतःलाच हॅण्डओव्हर देता येतो. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं हे आपण सगळेच अनुभवतो. मासिकांपो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की ते काम पूर्ण करायचीही गरज नसते. ते कधी, कुठे, कसं करणार याचा नेमका बेत केला तरी मन ते सोडून देतं. "उद्या बघू" पुरत नाही. "उद्या दहा वाजता पहिल्यांदा त्या अहवालाचं दुसरं पान" एवढं नेमकं हवं.

मधला

सकाळी लिहितो म्हणालो होतो, तीन दिवस लागले. कारण मी जे लिहिणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही.

मी तो भाऊ आहे. तुमचा नाही, पण तसाच. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत सगळं मोठ्या बहिणीने केलं. सगळे नातेवाईक तिला वाघीण म्हणायचे आणि माझ्याकडे बघून गप्प व्हायचे. मी पळपुटा होतो, हे नाकारत नाही. पण आणखी एक गोष्ट होती. मी पहिल्यांदा विचारलं, "रात्री मी थांबू का?" ती म्हणाली, "राहू दे, तुला नाही जमायचं." दुसऱ्यांदा थांबलो तर सकाळी येऊन तिने चादर पुन्हा घातली. मी घातलेली काढून. काही बोलली नाही. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. मला ते सोयीचंही होतं, हे आलंच.

आई गेल्यावर वर्षभराने बहीण एकदा म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही." मला सांगायचं होतं की मी दोनदा विचारलं होतं. सांगितलं नाही. खंबीर माणसाच्या खांद्यावर सगळं येऊन पडतं हे खरं, पण काही खंबीर माणसं खांदा सोडतही नाहीत.

अर्धविराम

मधला, हा प्रतिसाद वाचून मी लॅपटॉप मिटला होता. चिडले होते. सहा महिने रात्री दोनदा उठणारीने चादरीवरून ऐकून घ्यायचं का?

मग आठवलं की मार्चमध्ये भाऊ बाबांना फिजिओथेरपीला घेऊन जातो म्हणाला होता. मी म्हटलं, "तुला गाडीत बसवता येणार नाही त्यांना." तो बरं म्हणाला. एवढंच झालं होतं. मी ते विसरून गेले होते, आणि "त्याला वासाने गरगरतं" तेवढं लक्षात ठेवलं होतं.

तुम्ही बहिणीला ते सांगा, दोनदा विचारल्याचं. उशीर झाला असला तरी.

धातुशास्त्र

एकाच खांबाने सगळा भार घ्यायची सवय लागली की शेजारचा खांब नुसता रंग देऊन उभा असतो. दोष कोणाचा ते आम्ही विचारत नाही. भार मोजतो.

ऐकणारी

एक गंभीर गोष्ट लिहून ठेवते, कारण हे धागे रात्री दोन वाजता वाचणारी माणसं असतात.

थकवा आणि आजार यात फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात कामाच्या अतिताणाने येणारा गळाठा (बर्नआउट) नोंदवला आहे, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. दमून जाणं, कामाबद्दल कडवट किंवा परकं वाटू लागणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. यात काम बदललं, सुट्टी खरी मिळाली की बराच फरक पडतो.

पण जवळजवळ दिवसभर उदास वाटणं किंवा कशातच गोडी न राहणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, झोप-भूक बिघडली असेल, सुट्टीच्या दिवशीही तसंच असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला चिवटपणाचे उपाय पुरत नाहीत, डॉक्टर लागतो. आणि "मी नसलेलंच बरं" असा विचार एकदा जरी आला, तरी दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी घरातल्या कोणालातरी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मोडलेल्या हाताला कोणी कणखर हो म्हणत नाही.

अर्धविराम, तुमची झोप कशी आहे? मूळ धागा रात्री लिहिलाय म्हणून विचारते.

अर्धविराम

कशी आहेस असं विचारलंत ना? नीट वाचलं या वेळी. :)

झोप लागते, मध्ये उठते, पुन्हा लागायला तास जातो. तरी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन आले. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. सहा महिने मी ज्याला मनाचा कमकुवतपणा समजत होते त्यातला थोडा भाग लोहाचा होता.

धातुशास्त्र

शेवटी धातूच निघाला. बोलवत नाही.

जुना_गडी

हा धागा मी रोज वाचतो आहे. काल संध्याकाळी बायकोला म्हटलं, तू ओट्यावर बस अर्धा तास, कोणी हाक मारणार नाही. ती पाच मिनिटांत उठून आत आली. म्हणाली, बसवत नाही. आज पुन्हा बसवली आहे. बघू.

रात्रपाळी

काका, ती बाहेर असताना तुम्ही आत काय करता ते महत्त्वाचं!

जुना_गडी

कळलं. भांडी लावतोय. कुठली कुठे जातात ते बावन्न वर्षांत पाहिलं नव्हतं.

अर्धविराम

महिन्याभराने आले, काय झालं ते सांगायला.

साहेबांना मनुष्यबळ यांनी सांगितलं तसं लिहून विचारलं. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, "असं लिहून कशाला, बोललो असतो की." बोललो. सोडून गेलेल्याच्या कामातलं निम्मं काढलं, निम्मं अजून माझ्याकडेच आहे. मी जरा हावरटपणे सगळंच काढतील असं धरून चालले होते. आता टीममध्ये मला कोणी वाघीण म्हणत नाही, हेही लक्षात आलंय. त्याचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

वही केली. भावाला घरी बोलावून मार्चमधल्या फिजिओथेरपीची गोष्ट काढली. तो म्हणाला, "जाऊ दे ना ताई." मी जाऊ दिलं नाही. आता मंगळवार, गुरुवार आणि रविवार रात्र त्याची. पहिल्या गुरुवारी त्याने बाबांना गाडीत बसवताना खरंच चूक केली, बाबांचा पाय दारात अडकला. मी खिडकीतून बघत होते. हात खिडकीच्या गजावर घट्ट धरून ठेवले होते. बाबा त्याच्यावर ओरडले, त्याने पाय सोडवला, गाडी गेली. परत आल्यावर दोघं कुठल्यातरी जुन्या गोष्टीवर हसत होते. ती गोष्ट मला माहीत नव्हती.

तिरकस

एकदाच गंभीर लिहितो. छान केलंत.

कंत्राटी

अभिनंदन ताई. माझ्या तीन अर्जांपैकी एकाचं बोलावणं आलंय. वहीच्या पानाचा नमुना इथे टाकाल का? माझ्याकडे आजी आहे.

अर्धविराम

उद्या टाकते. आज मंगळवार, ड्युटी भावाची आहे. त्याने "घेतलं" म्हटलंय, मी झोपायला चालले.